एका बुटाचा संत

तामारुगोचं वळण,
पोसो आल्मोन्तेच्या खाली, चिली
४ मार्च २०१९

प्रिय भाऊ निबाल्दो,

तू, तुझी बायको आणि मारीसोल सगळे सुखरूप असाल अशी आशा करते. आम्ही इकडे बरे आहोत. आईचे गुडघे सोडले तर घरात कुणाची तक्रार नाही.

एवढ्या तीन ओळी लिहायला मला अख्खी सकाळ लागली. मेलेल्या माणसाला ‘सुखरूप असाल’ कसं लिहायचं, हे कुणी शिकवलंय का कधी? ‘प्रिय’ तर दोनदा खोडलं. मग म्हटलं जाऊ दे, पत्रात लिहितातच तसं.

फोनवर काही पाठवू नका, कागदावर लिहा, असं मी मारीसोलला सांगितलं त्याचं कारण साधं आहे. माझा फोन दिवसभर आईच्या हातात असतो. ती त्यावर मालिका बघते. एरवी तिला समोरचा ट्रक दिसत नाही, पण नको ते मात्र चष्म्याशिवाय बरोब्बर दिसतं.

तुझं पत्र मिळालं. एवढंसं! तीस वर्षांनी भाऊ लिहितो आणि त्यात काय, तर अर्जेंटिनात, कोमोदोरोला वारा फार आहे, तेलाच्या कंपनीतली नोकरी आता झेपत नाही, आणि ‘आईला सध्या काही सांगू नकोस’. सध्या! वा रे वा.

तुझ्या मुलीने, मारीसोलने, मात्र मला सरळ विचारलं. कुणा प्रवाशाने आपल्या वळणावरच्या घुमटीचा फोटो इंटरनेटवर टाकला होता. तो तिने पाहिला आणि खाली माझ्या खाणावळीचं नाव वाचून मला लिहिलं, ‘बाई, तुमच्या या संताचा चेहरा माझ्या बाबांच्या तरुणपणीच्या फोटोसारखा का आहे?’ मी तेव्हा काझुएलाच्या रश्शात मीठ घालत होते. त्या दिवशी जेवलेल्या सगळ्या ड्रायव्हरांनी मला शिव्या घातल्या.

(थांब, दोन ट्रक आलेत. वाढून येते.)

तर तू इथे काय होऊन बसलायस ते तुला ठाऊक असायला हवं. तू गेलास तेव्हा वळणावर तुझी मोटरसायकल आडवी सापडली, तुझं जाकीट सापडलं आणि एक बूट. डाव्या पायाचा. पोलिसांनी इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं. लष्करी राजवटीच्या त्या दिवसांत चौकीवर जाऊन फार विचारायची सोय नव्हती, तुला आठवत असेल. मग ज्याने त्याने आपापलं ठरवलं. गाडी बंद पडली, पोरगं धुक्यात वाट चुकलं, वाळवंटात तहानेने मेलं. अपघाती माणूस जिथे गेला तिथे रस्त्याकडेला घुमटी बांधायची, ही आपली रीत. बाबांनी पत्र्याची बांधली, आईने आत तुझा फोटो ठेवला. तहानेने गेला म्हणून ती रोज बाटलीभर पाणी घेऊन जायची. ट्रकवाल्यांनी पाहिलं, तेही पाणी ठेवायला लागले. मग एकाचा ब्रेक फेल झालेला ट्रक म्हणे वळणावर आपोआप थांबला. झालं! ‘निबाल्दितो पावला.’

आता तिथे बाटल्यांचा डोंगर आहे. आणि बूट. नवस फेडायला लोक एका पायाचा बूट बांधून जातात, कारण तुझा एक सापडला होता. लहान मुलांचे, खाणकामगारांचे, एका नवरीचा चंदेरी सँडल. अख्ख्या उत्तरेत एका पायाचे बूट घेणारा संत तूच एक. एकच बूट का, यावर इथे जो तो हुशार. कुणी म्हणतं तहानेने पाय सुजतात, कुणी म्हणतं कोल्ह्याने नेला. विद्यापीठातली एक मुलगी माझ्याकडे आठवडाभर राहून गेली. तिने लिहिलं की एक पाय या जगात आणि एक त्या जगात, असा त्याचा अर्थ. मला वाचून दाखवलं तेव्हा मी रडले होते, खोटं कशाला सांगू.

आणि तू लिहितोस, ‘बुटाचा तळ निघाला होता म्हणून फेकला. ट्रकवाल्याने त्याच्या चपला दिल्या.’ मी हे वाचून इतकी हसले की आई विचारायला आली.

वळणाच्या समोरच्या डोंगरावरचा दगडांचा माणूस आठवतो ना, जुन्या लोकांनी काढलेला, हातात काठी आणि डोक्यावर किरणं? माझी मुलगी यास्ना आता पर्यटकांना तो दाखवायला नेते. कुणाला सांगते राजा आहे, कुणाला सांगते देव आहे. पर्यटक तोंडाकडे बघून ठरवते. परवा मी त्याच्याकडे बघत उभी होते आणि मनात आलं, हाही कुणीतरी बापाशी भांडून शेजारच्या खोऱ्यात निघून गेलेला असेल आणि मागे राहिलेल्यांनी काहीतरी भलतंच समजून त्याला डोंगरावर चढवलं असेल.

आता मुद्द्याचं. रस्ता रुंद होणार आहे. इंजिनिअर साहेब आले होते, सेन्योर ओलिवारेस, फार अदबीचा माणूस. म्हणाला, घुमटी थोडी पुढे विसाव्याच्या जागी हलवू, पाद्रीबाबांना बोलावू, नवीन छप्पर देऊ. आईने त्याला बसवलं, चहा दिला.

“हलवा,” ती म्हणाली. “पण आधी खणा.”

“काय खणू, आजी?”

“माझा मुलगा तिथेच कुठेतरी आहे. तुमच्या डांबराखाली तो गेला तर मी पाणी कुठे ओतू?”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी बशा उचलल्या आणि आत गेले. निबाल्दो, मी आत जाऊन नुसती उभी राहिले. माझ्या हातात बशा होत्या आणि मारीसोलने सुरुवातीला पाठवलेला तुझा फोटो होता फोनमध्ये लपवलेला, टक्कल आणि पोट आणि मागे समुद्र.

ते खणणार आहेत. ईस्टरनंतर. खणून काही सापडणार नाही, हे या देशात फक्त मला माहीत आहे. त्या रिकाम्या खड्ड्याच्या काठावर आईला उभं करू नकोस. तू तिला लिही. मी नाही, तू. चार ओळी पुरेत, वाऱ्याबद्दल लिहिलंस तरी चालेल.

उत्तराची घाई आहे.

तुझी बहीण,
एर्सिलिया


तामारुगोचं वळण
१२ मे २०१९

निबाल्दो,

तुम्ही सगळे बरे असाल. आम्ही बरे नाही, म्हणून इतर विचारपूस पुढच्या वेळी.

मारीसोलने तुला सांगितलंय हे मला माहीत आहे, कारण तुझी चिठ्ठी काल आली. ती मी तीनदा वाचली आणि मग भांडी घासली, सगळी, स्वच्छ असलेलीसुद्धा. त्या चिठ्ठीकडे येते. आधी काय झालं ते माझ्याकडून ऐक, कारण मारीसोल पोर आहे, तिला मी सगळं सांगितलेलं नाही.

त्यांनी खणलं. आईने सकाळपासून खुर्ची टाकली होती वळणावर, छत्री घेऊन. खणणारे कामगार आधी छातीवर क्रॉसची खूण करत होते आणि मग फावडं मारत होते. मी मनात म्हणत होते, दुपारपर्यंत कंटाळतील, खड्डा बुजवतील, आईला घरी नेऊन सूप देईन. आणि एक जण एकदम थांबला. त्याने टोपी काढली.

हाडं सापडली, निबाल्दो. घुमटीच्या अगदी खाली नाही, हात-दोन हात बाजूला, डोंगराच्या अंगाला. माणसाची.

मला आधी कळेचना. मी वेड्यासारखी त्या खड्ड्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की हा इथे कसा, हा तर कोमोदोरोला आहे. आई मात्र खुर्चीतून उठली. कुणाचा आधार न घेता उठली. म्हणाली, “मी सांगत नव्हते?” एवढंच. नंतर तिने सगळ्यांना चहा आणायला मला पिटाळलं.

पोलिस आले, पिवळी पट्टी लावली. इक्विकेहून हाडं बघणारी एक तरुण मुलगी आली. तिने हाडं मातीच्या ढेकळांसकट खोक्यांत भरली आणि सांतियागोला पाठवली. आईने विचारलं, “माझाच आहे ना?” ती म्हणाली, तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही, आणि तिने आईच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नेला. आई तोंड उघडून बसली होती, एखाद्या पोरीसारखी खुशीत.

तेव्हापासून घरात काय चाललंय सांगू? तुझा पांढरा शर्ट निघालाय, बाप्तिस्म्याला काकाच्या घरी जाताना घालायचास तो. ती तो रोज इस्त्री करते. सुताराला पेटी सांगितली, लहान. “हाडांना मोठी पेटी लागत नाही,” म्हणाली, आणि घेवडा निवडायला बसली. गेली कित्येक वर्षं ती रात्री उठून दाराशी जायची. आता उठत नाही. घोरते. मी जागी असते.

आणि रोसाऊराबाई आल्या. इक्विकेच्या आहेत, रेडिओवर ऐकून आल्या. कोटावर पिनने भावाचा फोटो लावलेला. आन्सेल्मो त्याचं नाव. रेल्वेत होता, त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात लष्कराने कामावरून उचलून नेला तो नेलाच. तेव्हापासून या बाई फावडं घेऊन वाळवंटात हिंडतात. सत्तरी कधीच ओलांडली. मला वाटलं, आता आई आणि या भांडणार. भांडल्याही म्हण.

“माझ्या पोराचे दात पहिल्यापासून चांगले,” आई म्हणाली.

“आन्सेल्मोचेही चांगलेच होते,” रोसाऊराबाई म्हणाल्या. “दातांवर जाऊ नका.”

“उंच होता माझा.”

“सगळ्यांचेच उंच असतात, दोमितिलाबाई. मी इतक्या बायकांना भेटले, एकीचाही बुटका नव्हता.”

आईला हसू आलं. मग दोघींनी पाव मोडून खाल्ला, आवोकाडो लावून. त्या निघाल्या तेव्हा आई म्हणाली, “तुझा निघाला तरी मी पाणी न्यायचं थांबवणार नाही.” आणि त्या म्हणाल्या, “तुमचा निघाला तर मी अंत्यविधीला येईन. मला सवय आहे.” त्यानंतर त्या दर रविवारी येतात.

हे सगळं चालू असताना तुझी चिठ्ठी. ‘देवानेच सोय केली म्हणायची. त्यालाच मी समजा आणि पुरून टाका. आईला शांत मरू दे. माझंही आता वय झालं.’

तुला लाज वाटत नाही?

तो तू नाहीस. तो कुणीतरी आहे! कदाचित आन्सेल्मो असेल. कुणाचा तरी नवरा असेल, कुणीतरी अजून दाराशी उठून जात असेल. त्याला तुझ्या नावाचा शर्ट घालून, तुझ्या नावाच्या पेटीत घालून, तुझ्या नावाचा दगड वर ठेवू? आणि तू तिकडे समुद्राच्या वाऱ्यावर फिरशील? एकदा मेलास ते चुकून, लोकांच्या चुकीने. ते मी धरत नाही तुझ्यावर. तू त्यातून काही फायदा घेतला नाहीस, फक्त गप्प राहिलास. आता मात्र तू कुणाच्या तरी जागेवर निजायला मागतोयस.

शिवाय सोय कसली? कापूस नेलाय म्हटलं ना. आईशी जुळणार नाही. जुळणारच नाही, तू आहेस म्हटल्यावर कसं जुळेल? सांतियागोहून फोन येईल की हा तुमचा नाही, आणि मग पेटी, शर्ट, झोप सगळं गेलं. त्र्याऐंशी वर्षांची बाई पुन्हा शोधायला लागेल.

आणखी एक. हे लिहायचं नव्हतं.

यास्ना सातव्या महिन्यात झाली. निळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली तर बघू. तिचा बाप तोपर्यंत कोपियापोला पळाला होता, तेव्हा सोबतीला कुणी नव्हतं. मी टाके असताना उठले, वळणापर्यंत आले आणि तुझ्यापुढे जमिनीवर पडले. म्हटलं, निबाल्दितो, ही जगू दे, मी आईला सोडून कुठे जाणार नाही. मला अंतोफागास्ताला नर्सिंगला जागा मिळाली होती, कागद आले होते. ते सोडलं. पोर जगली. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला मी तिथे तिचा एक बूट बांधते. आता तिची साइज माझ्यापेक्षा मोठी.

तर मला सांग, त्या दिवशी तू कुठे होतास? हिशेब केला तर तू तेव्हा मारीसोलच्या आईशी लग्न ठरवत होतास. तुला सर्दीही झाली नव्हती. मग माझं ऐकलं कुणी? तो ब्रेक फेल झालेला ट्रक कुणी थांबवला? मला वाटतं, त्याने. जो खाली होता त्याने. इतकी वर्षं लोक तुझ्या नावाने हाका मारत होते आणि तो बिचारा ओ देत होता. मी देवाधर्माची फार नाही, पण हे डोक्यातून जात नाही. दिवसभर भाज्या चिरते आणि हेच.

अहवाल कधीही येईल. त्याच्या आधी ये. कोमोदोरोहून सांतियागोला विमान आहे, मारीसोलने मला सांगितलं. यायला जमत नसेल तर फोन कर, मी फोन आईच्या कानाला लावते आणि बाहेर जाऊन उभी राहते. तेवढं तुला जमायला हवं.

बहीण,
एर्सिलिया


तामारुगोचं वळण
३० जून २०१९

निबाल्दो,

तब्येत कशी आहे? मारीसोल म्हणाली रक्तदाब वाढला होता. मीठ कमी खा.

तू आला नाहीस, फोनही केला नाहीस, आता जे झालं ते ऐक. नाही ऐकलंस तरी मी लिहिणार आहे. आत बसवत नाही, म्हणून बाहेरच्या टेबलावर लिहितेय. वाऱ्याने कागद उडतोय, अक्षर असंच येणार.

सांतियागोच्या तपासाचा फोन एका गुरुवारी आला. मी घेतला. ती हाडं बघणारी मुलगीच बोलत होती. आईशी जुळत नाही. रोसाऊराबाईंशीही नाही. आणि ती म्हणाली, “सेन्योरा, तुम्ही बसला आहात ना?” मी बसले. “ती बाई आहे.”

बाई! सोऱ्याच्या खाणी चालू होत्या त्या काळातली, शंभराहून जास्त वर्षं झाली असतील. तिशीची. शेजारी शिंगाची फणी होती. आणि माती साफ केल्यावर दोन्ही पायांत बूट निघाले, बटणांचे, जसेच्या तसे. कुणाची, कुठून आली, तिथे का पुरली, काही कळायला मार्ग नाही.

ही बातमी रस्त्यावर पसरायला एक दिवस पुरला. खाणावळीत नुसता गोंधळ. जाड्या वेन्सेस्लाओ, तांब्याचे ट्रक चालवतो तो, पाव हातात धरून तसाच राहिला. “बाई?” तो म्हणाला. “अगं एर्सिलिया, मी दर महिन्याला थांबतो तिथे! मी तिला माझ्या मूळव्याधीचं सांगितलंय!”

“मग बरी झाली का?”

“झाली.”

“मग काय म्हणणं आहे तुझं?”

तो खाली बघून सूप प्यायला लागला. इतरांनी त्याची जी टर उडवली ती अजून चालू आहे.

आई हसली नाही. तिने शर्टाची घडी घातली, कपाटात ठेवला आणि लवकर झोपली. सकाळी उठून बघते तर अंथरूण रिकामं. मागचं फावडं नाही. मी जशी होते तशी धावले, पायांत यास्नाच्या सपाता.

त्या दोघी वळणाच्या वर चढणीला होत्या. रोसाऊराबाईंची ती खटारा गाडी खाली उभी. त्यांना आईनेच बोलावलं होतं. आई उलट्या बादलीवर बसून बोटाने जागा दाखवत होती आणि रोसाऊराबाई खणत होत्या. मधेच आई उठायची, फावडं घ्यायची, दोनदा मारायची आणि धापा टाकत पुन्हा बसायची.

“काय चाललंय आई?”

“तो खाली नाही ना. म्हणजे वर चढला असणार. रस्ता दिसावा म्हणून. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं,” आणि ती पुन्हा उठली. तिच्या हाताला फोड आले होते. एक फुटलेला.

निबाल्दो, मी तुझी वाट बघितली. देवाशपथ बघितली. पण तो हात बघितल्यावर मला राहवलं नाही.

“आई, थांब. निबाल्दो इथे कुठेच नाही. तो जिवंत आहे.”

“उन्हाने डोकं फिरलंय हिचं,” आई रोसाऊराबाईंना म्हणाली.

मी फोन काढला. तो फोटो, समुद्रापुढचा. आईने हात पुढे केला नाही. तो रोसाऊराबाईंनी घेतला. त्यांनी चष्मा लावला, लांब धरला, जवळ धरला. घुमटीतला तुझा फोटो त्यांना आता पाठ आहे.

“टक्कल पडलंय,” त्या म्हणाल्या. “पण कान तेच आहेत.” आणि फोन आईच्या मांडीवर ठेवला.

आई किती वेळ बघत होती कोण जाणे. मी सगळं सांगितलं, बाबांशी झालेलं भांडण, चपला, ट्रक, पेरू देश, मग अर्जेंटिना, मारीसोल. ती फोनची काच बाहीने पुसत होती. शेवटी म्हणाली, “पोट कसलं सुटलंय! ती बाई खायला नीट घालते वाटतं.” तिच्या चेहऱ्यावर हसू येत होतं, ते ती दाबत होती. मला आधी कळलं नाही का दाबतेय. मग बघितलं, ती रोसाऊराबाईंकडे बघत होती. तिला आनंद व्हायला लाज वाटत होती.

“माफ कर गं मला,” आई त्यांना म्हणाली.

“वेड्या आहात का?” त्या म्हणाल्या. “एकीचा तरी सापडला.” आणि फावडं उचलून त्या पुन्हा खणायला लागल्या. आई म्हणाली, अगं आता कशाला. तर म्हणाल्या, “आलेच आहे तर थोडं खणून जाते.”

मी त्यांच्याकडून फावडं घेतलं आणि दुपारपर्यंत मी खणलं. काही नव्हतं.

आता खरं सांगते, जे मी दोन पत्रांत लिहिलं नाही. मी आईच्या भल्यासाठी तुला ‘तू सांग’ म्हणत होते, हे अर्धंच खरं. मला स्वतःला तिला सांगायचं नव्हतं, कारण मला भीती वाटत होती. तू जिवंत आहेस कळल्यावर ती नाचेल, मेंढरू कापेल, तुझ्या बायकोला गालिचा विणेल, आणि मी, जी तीस वर्षं तिचे गुडघे चोळतेय, मी काझुएला ढवळत राहीन. तू मेलेला होतास तेव्हाही या घरात पहिला तू होतास. फोटोपुढे पहिला पाव तुझा. जिवंत झाल्यावर तर काय विचारता! मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई आणि मला तुझा हेवा वाटतो, तुझ्या मरणाचा वाटत होता तसाच. झालं लिहून.

त्या दिवशी घरी आल्यावर आईने विचारलं, “तुला कधीपासून माहीत होतं?”

“फेब्रुवारीपासून.”

“एकटीलाच?”

“हो.”

ती उठली, आत गेली आणि ताट वाढून आणलं. माझं. माझ्यासमोर बसून राहिली, मी संपवेपर्यंत.

पुढचं आटपते. त्या बाईची हाडं परत दिली, कुणीच मागायला नव्हतं म्हणून आईने मागितली. सेन्योर ओलिवारेसने मदत केली. विसाव्याच्या जागी पुरलं, त्या लहान पेटीत, तुझा शर्ट घालून. फणी द्यायला ते तयार नव्हते, ती संग्रहालयात गेली. नवीन घुमटी तिच्यावर उभी केली. पाद्रीबाबांनी विचारलं नाव काय घ्यायचं, तेव्हा सगळे आईकडे बघायला लागले. आईने आधीच तुझा फोटो काढून पिशवीत टाकला होता आणि पत्र्यावरचं नाव सुरीने खरवडलं होतं.

वेन्सेस्लाओ म्हणाला, “आजी, निबाल्दितोच राहू दे ना. आम्हाला सवय झालीय.”

“जिवंत माणसाच्या नावाने मेणबत्ती लावतात का रे?” आई म्हणाली. “हिला नाव होतंच की. आपल्याला माहीत नाही एवढंच.”

बाटल्या आणि बूट तिने तसेच ठेवायला लावले. यास्ना म्हणते, अजून शंभर वर्षांनी कुणी हे उकरलं तर काय समजतील? बटणांचे बूट घातलेली बाई, अंगात पुरुषाचा शर्ट आणि वर एका पायाचे हजार बूट. समजू देत काय समजायचं ते. आपण तरी कुठे बरोबर समजलो.

रोसाऊराबाई विधीला आल्या होत्या, बोलल्या होत्या तशा. रडल्याही. रविवारी आता आई त्यांच्या गाडीत बसून जाते, आन्सेल्मोला शोधायला. मी ओरडते. ऐकतंय कोण?

तू विचारशील की आई तुझ्याबद्दल काय म्हणते. मीही विचारलं. मेंढरू कापलं नाही तिने. नाचली नाही. दोन दिवस फोटो उशाखाली घेऊन झोपली, मग मला परत दिला. मी म्हटलं, आई, निबाल्दोला पत्र लिहितेय, तुझ्याकडून काय लिहू? तिकिटाची सोय करू का, मी येते तुझ्याबरोबर, आपण जाऊ कोमोदोरोला. तिला कधीचं विमानात बसायचं होतं, तुला माहीत आहे.

ती पाण्याची बाटली भरत होती, त्या बाईसाठी. म्हणाली, जसं बोलली तसं लिहिते:

“मी रोज त्याच्याकडे जात होते, कारण मेलेल्याला येता येत नाही. आता त्याला पाय आहेत. त्याला म्हणावं, मी घरी आहे.”

आणि बाटली घेऊन गेली.

मी यापुढे लिहिणार नाही, निबाल्दो. बस वळणावर थांबते, ड्रायव्हरला माझं नाव सांगितलं की पुरे. आई दुपारी झोपलेली असते, तेव्हा मागच्या दाराने ये, म्हणजे आधी मला भेटशील.

इतकी वर्षं एका संताची बहीण होते. आता नुसती तुझी,
एर्सिलिया